दुसऱ्या हाकेला ओ

१८ नोव्हेंबर

आल्या एकदाच्या! कुरिअरवाला खोका टेबलावर आपटून गेला आणि मुसाभाईंनी "अरे हळू, हळू" म्हणेपर्यंत जिना उतरूनसुद्धा गेला. त्याला काय माहीत आत काय आहे ते. नखाएवढ्या काळ्या चिप्स, सोनेरी पायांच्या. आम्ही चौघांनी रोह्यात बसून कॉम्प्युटरवर जे मांडलं होतं, ते परदेशातल्या कारखान्यातून खरंखुरं होऊन आलं. सुमय्याने दुवा मागितली, मी नारळ वाढवला आणि साईराजने खोबरं सगळ्यांत जास्त खाल्लं.

घरी पोचले तर बाबांचं नेहमीचं: "पण दिशा, तुम्ही बनवता तरी काय?" म्हटलं, बाबा, उपग्रहाचा कान. खालून सांगायचं, वळ, कॅमेरा उघड, गप्प राहा, आणि वर त्याने ते ऐकायचं. पण वर किरणांचा मारा एवढा की साध्या चिपला मधेच फटका बसतो आणि ती भलतंच काहीतरी ऐकते. म्हणून आमच्या चिपची घडण दणकट, आणि शिवाय आत कान एक नाही, तीन. तिघांतल्या दोघांनी जे ऐकलं ते खरं धरायचं. "पंचांसारखं?" "व्हय, पंचांसारखं." बाबांना पटलं. मग ते भाताच्या झोडणीचं बोलायला लागले.

तीन कान तिघांनी बनवलेत. एक माझा, एक साईराजचा, एक सुमय्याचा. मुसाभाई आमचे मालक, आणि त्यांचा नियम कडक: एकमेकांना विचारायचं नाही, दाखवायचं नाही. एकाच डोक्यातून तिन्ही निघाले तर एकच चूक तीनदा व्हायची. जेवताना जो कामाचं बोलेल त्याने सगळ्यांचे डबे घासायचे. मी किती डबे घासलेत ते माझ्या हातांना विचारा. तोंड आवरत नाही माझं. पण कानाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

या चिप्स पास झाल्या तर हैदराबादची कंपनी पुढच्या सगळ्या उपग्रहांसाठी आमच्याकडूनच घेणार. नापास झाल्या तर ऑफिसला कुलूप. मुसाभाईंनी हे आमच्यापासून लपवलेलं नाही. मग मला पुन्हा बंगळूर. नको गं बाई! तिथल्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसायची, सकाळ-संध्याकाळ तीच टाकी. इथे पेण स्टेशनवर उभं राहिलं की समोर डोंगर असतो. मला इथेच राहायचंय.

२६ नोव्हेंबर

साईराजला पिशवी सांभाळता येत नाही. तो जित्याला रोह्याच्या मेमू लोकलमध्ये बसतो, डब्याची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवतो आणि पेणला मी चढले की उचलून मांडीवर घेतो. आज हमरापूरच्या एका मावशींनी माझ्याकडेच तक्रार केली. "पेण आलं की उचलतो बघ, आमच्यासाठी नाय उचलत. आम्ही दिसलो की खिडकीबाहेर बघत बसतो." मी त्याला चांगलं झापलं. म्हटलं, "बायामाणसं उभी राहतात आणि तुझी भाजी बसून येते होय रे?" तर नुसता लाल होऊन हसतो. एवढा शिकलेला माणूस आणि साधी अक्कल नाही.

मावशीसुद्धा हसत होत्या. त्यांना काय हसायचं होतं देव जाणे.

११ डिसेंबर

पास! पास! पास!

मुसाभाई आणि सुमय्या चिप्स घेऊन किरणांच्या प्रयोगशाळेत गेले होते. तिथे यंत्रातून चिपवर मारा करतात, वर कित्येक वर्षांत जेवढा बसेल तेवढा एका बैठकीत. सुमय्याचा फोन आला, आवाज नुसता फुटत होता. "आडवी पडली गो, आणि आपली आपण उठून बसली! परत मारलं, परत उठली! तिथले सर म्हणाले, ही कोणी बनवली? मी सांगितलं, आम्ही. रोह्याला."

ऑफिसात साईराज आणि मी दोघंच होतो. आम्ही नाचलो. म्हणजे नाचले मी, तो खुर्च्या बाजूला करून मला जागा करून देत होता.

आईने पोह्यांचे पापड भाजून शेजारीपाजारी वाटले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय गो, दिशाचं जमलं वाटतं?" आई म्हणाली, "नाय, चिप पास झाली." वहिनींनी पापड घेतला, पण तोंड पडलं त्यांचं.

१९ डिसेंबर

हैदराबादहून फोन आला. बातमी वाईट आहे.

एवढे किरण झेलणारी आमची चिप साध्या टेबलावर नापास झाली. झटका बसून ती पुन्हा जागी झाली की तिला जी पहिली आज्ञा द्यावी ती पाळतच नाही. ढिम्म. दुसऱ्यांदा पाठवली की ऐकते, मग पुढे सगळं सुरळीत. दरवेळी हेच. आणि एक कान नव्हे, तिन्ही कान! पंच एकमताने चुकलेत.

तिकडच्या साहेबांनी विचारलं ते जास्त लागलं. "तुम्ही तीन वेगळे कान देणार होतात. एकच कान तीनदा छापलात का?" मुसाभाई नुसते "नाही साहेब, नाही साहेब" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी आमच्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बोलला असाल आपसात तर सांगा. मी रागावणार नाही."

आता तिकडून एक इंजिनिअर येणार आणि तिन्ही कान उघडून बघणार. नक्कल निघाली तर करार रद्द.

२० डिसेंबर

एकच उत्तर दिसतंय आणि ते मला अजिबात आवडत नाही. साईराजने बघितलंय. पावसाळ्यात एकदा गाडी कासूला अडकली होती, तेव्हा मी लॅपटॉप उघडून कानाचंच काम करत होते. तो शेजारी डोळे मिटून बसला होता. डोळे काय, अर्धेही मिटता येतात. आणि मग त्याने सुमय्यालाही सांगितलं असणार.

माझं डोकं फिरलंय. मी इतके डबे घासले पण नियम पाळला, आणि हा गपचूप बघतो! आज मुद्दाम पुढच्या डब्यात बसले. रोह्याला ऑफिसच्या जिन्यावर त्याने हाक मारली, "दिशा, एक विचारायचं होतं." मी कानात इअरफोन घातले आणि वर चढले. गाणं लावलंच नव्हतं. त्याने परत हाक मारली नाही, म्हणजे तेवढं महत्त्वाचं नसणार.

२४ डिसेंबर

हैदराबादचा इंजिनिअर आला. अक्षय नाव, मूळचा नागपूरचा, रेल्वे कॉलनीत वाढलेला. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यामुळे आला तोच चिडलेला. चहा पोटात गेल्यावर माणसात आला.

दिवसभर त्याने तिघांचं काम उघडून बघितलं. संध्याकाळी म्हणाला, "ही नक्कल नाही. दिशाचं काम झटपट आणि सुटसुटीत. साईराज प्रत्येक पायरीला मागे वळून बघतो. सुमय्याने तर भलत्याच टोकाकडून सुरुवात केलीय. तिघं एकमेकांचं बघून असं लिहूच शकत नाही. मग तिघांनाही पहिली आज्ञा का नको आहे?"

आम्ही तिघांनी कंपनीने दिलेल्या मागण्यांच्या कागदातल्या एकाच ओळीवर बोट ठेवलं: पुन्हा जागं झाल्यावर, आज्ञा खरी असल्याची खात्री करून मगच ती पाळावी.

"बरोबर," अक्षय म्हणाला. "म्हणजे आज्ञेवरची खूण तपासायची. जुळली की पाळायची. सोडून का दिली?"

मी म्हटलं, "खूण तपासलीच की. पण खात्री करायची म्हणजे थांबायला नको? परत येते का बघायला नको?" साईराजने मान हलवली. सुमय्यानेही. अक्षय आमच्याकडे असा बघत होता की जणू आम्ही तिघं एकाच वेड्यांच्या इस्पितळातून पळून आलोय.

नक्कल नाही हे ऐकून साईराजची माफी मागायला हवी होती. मागणार होते. पण तो चहाचे कप उचलत होता आणि माझ्याकडे बघतच नव्हता. मग मीही नाही बघितलं. उगाच का मी आधी बोलू?

नक्कल नसली तरी चूक आहेच, आणि का झाली ते कळल्याशिवाय तिकडचे साहेब पुढे जायला तयार नाहीत. बंगळूरच्या जुन्या ऑफिसातून फोन आला होता. जानेवारीत ये म्हणतायत. महिनाअखेर सांगते म्हटलं. ते बोलताना डोळ्यांसमोर ती टाकी आली.

२७ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

अक्षयला काही सापडेना. उद्या सकाळी तो रिकाम्या हाताने परत जाणार होता. सुमय्याच्या अम्मींनी, नूरबानोचाचींनी, निरोप पाठवला की पाहुणा आमच्या घरचं न खाता गेला तर मला चालणार नाय. म्हणून सगळे रोह्यालगतच्या अष्टमी गावात, सुमय्याकडे. मुसाभाईपण. दिवेलागणीची वेळ. आम्ही पुढच्या खोलीत घावने खात होतो. साईराज माझ्यापासून सगळ्यांत लांबच्या खुर्चीत.

तेवढ्यात मागच्या दारातून चाचींनी हाक मारली, "सुमय्या!"

सुमय्या घावन चावत राहिली. मीही. साईराजने पाण्याचा पेला उचलला होता तो तसाच धरला. मुसाभाईंनी नुसतं दाराकडे बघितलं.

अक्षय म्हणाला, "अहो, आई हाक मारतायत."

सुमय्याने पुढचा घास घेतला. मग परत, जरा मोठ्याने: "सुमय्या गोऽ!"

"ओऽ! आली!" आणि सुमय्या उठली. साईराज पाणी प्यायला.

अक्षयने घावन ताटलीत ठेवलं. "एक मिनिट. पहिल्यांदा ऐकू आलं होतं ना?"

"आलं की," मी म्हटलं.

"मग ओ का नाही दिली?"

असले प्रश्न कोणी विचारतं का? मी म्हटलं, "तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देतात होय?"

"का नाही देत?"

मुसाभाई समजावायला लागले, एखाद्या लहान पोराला सांगावं तसं. "कोण हाक मारतंय ते कुठं माहीत? माणूस असलं तर परत मारतं. ते दुसरं जे असतं ना, ते एकदाच मारतं. म्हणून खात्री करून मगच..."

आणि ते थांबले. तोंड तसंच उघडं.

मी साईराजकडे बघितलं, साईराजने माझ्याकडे. किती दिवसांनी. मग मला जे हसू फुटलं ते आवरेचना. साईराजला ठसका लागला. अक्षय डोकं धरून म्हणाला, "आमच्या क्वार्टरमध्ये आई एकदाच हाक मारायची. दुसऱ्यांदा लाटणं यायचं!" चाची घावन घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय झालं गो? मी काय विनोद केला?"

मुसाभाई मात्र हसत नव्हते. त्यांना पुढचं सुचलं होतं. आमच्या ऑफिसात चिपची परीक्षा त्यांनी स्वतः घेतली होती. "मीपण," ते म्हणाले. "चिपला झोपेतून उठवल्यावर मीपण प्रत्येक आज्ञा दोनदा पाठवत होतो. कोणी सांगितलं नव्हतं मला. आपली दोनदाच मारायची असते हाक." मग तेही हसले, डोळे पुसत.

चूक झाली ती झालीच. जित्याच्या, पेणच्या, रोह्याच्या तिन्ही पोरांनी, एकमेकांना न विचारता, उपग्रहाला भुताची भीती शिकवली. पण आम्ही खोटं बोललो नव्हतो. जीव भांड्यात पडला.

३० डिसेंबर

आज मुद्दाम नेहमीच्या डब्यात चढले. साईराज खिडकीशी, आणि पिशवी शेजारच्या सीटवर. इतके दिवस मी या डब्यात नव्हते, तरी पिशवी तिथेच. म्हटलं, "आता कोणासाठी?" म्हणाला, "सवय." बावळट आहे.

मी सांगून टाकलं, तुझ्यावर संशय घेतला होता, चुकलं माझं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. तुझा राग इअरफोनवर दिसतो. वायर लोंबत होती, फोनला लावलीच नव्हतीस." अशी लाज वाटली मला! मग विचारलं, तू तेव्हा काय विचारणार होतास? म्हणाला, "राहू दे, नंतर." मीही ओढून काढलं नाही. नागोठण्यापर्यंत त्याच्या डब्यातला मुळ्याचा पराठा खाल्ला. चांगला होता.

९ जानेवारी

निर्णय आला. चिप्स बदलायच्या नाहीत! नव्याने बनवायच्या तर वर्ष जाईल, आणि उपग्रह थांबणार नाही. हैदराबादवाले खालून प्रत्येक वेळी दोनदा हाक मारणार. अक्षयने वहीत, म्हणजे त्यांच्या नियमांच्या पुस्तकात, तसं घातलं. त्याच्या साहेबांना तर यात फायदाही दिसला. त्यांच्या आधीच्या एका उपग्रहाने म्हणे जागं झाल्याबरोबर जुनीच, मागे राहिलेली आज्ञा पाळली होती. आमची चिप तसं करणार नाही. मुसाभाई म्हणाले, तरी ते आपलं शहाणपण म्हणून मिरवायचं नाय. नशीब होतं ते.

अटी दोन. पुढच्या चिपचा एक कान घाटावरच्या माणसाकडून करून घ्यायचा. आणि आमच्यातल्या एकाने उपग्रह वर जाऊन ओ देईपर्यंत हैदराबादच्या कंट्रोल रूममध्ये बसायचं. त्याने ओ दिली तर पुढची ऑर्डर. नाही दिली तर परत तेच कुलूप.

साईराज म्हणाला, मी जातो. मग मला वेगळं गाठून विचारलं, "जाऊ ना?" म्हटलं, "जा की. मेमूत ऐसपैस बसायला मिळेल मला." तो हो म्हणाला.

बंगळूरला उशिराच, पण फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, उपग्रहाचं काही झालं तर? म्हटलं, तेव्हाचं तेव्हा. आईने ऐकलं असावं. आज भाजीत माझ्या आवडीचा जवळा होता.

१७ फेब्रुवारी

साईराज काल गेला. सुमय्याने विचारलं, कसं वाटतंय? म्हटलं, कसं वाटायचंय, शांत. ती म्हणाली, "बरं बाई."

जेवताना मी दिवसभराचं कामाचंच बोलत होते. आज कोणी डबे घासायला लावले नाहीत.

११ मार्च

हमरापूरच्या मावशी आज बाजार करून पेणलाच चढल्या आणि गर्दीत माझ्यासमोर उभ्या. मी बसलेली, आणि माझी पिशवी शेजारच्या सीटवर. त्यांनी पिशवीकडे बघितलं. मी पटकन म्हटलं, "येतंय कोणीतरी." मग लक्षात आलं, कोण येतंय? पिशवी उचलली. मावशी बसल्या, पण रोह्यापर्यंत गालातल्या गालात हसत होत्या. या बाईंना हसायला काही कारण लागत नाही.

चित्त थाऱ्यावर नाही हल्ली. उपग्रहाची काळजी असणार.

६ ऑगस्ट

गणपतींच्या ट्रकांमुळे पेणमध्ये पाय ठेवायला जागा नाही. स्टेशनवर धावतच पोचले, कारण आजचाच दिवस होता. उपग्रह काल वर गेला. आज तो डोक्यावरून जाणार आणि हैदराबादहून त्याला हाक मारणार.

ऑफिसात मुसाभाईंनी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला होता. नूरबानोचाचीही आल्या होत्या, जपाची तसबीह हातात. पलीकडून साईराजचा आवाज: "आला. दिसतोय. पहिली हाक जातेय."

गप्प.

आम्हाला माहीत होतं तो गप्प राहणार. आम्हीच तर शिकवलंय. पण नसेलच ऐकू आलं तर? कान मेलेले असतील तर? मुसाभाईंनी डोळे मिटले होते. सुमय्याने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"दुसरी जातेय," साईराज म्हणाला.

आणि मग पलीकडे कोणीतरी ओरडलं, मग सगळेच ओरडले, आणि अक्षयचा आवाज, "ओ दिली! ओ दिली त्याने!" मुसाभाई खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. चाची म्हणाल्या, "बघ, माणूसच निघालं." मी कोणाला मिठी मारली, कोणाला नाही, आठवत नाही. ऑफिस राहिलं. मी राहिले. डोंगर राहिला.

गलका ओसरल्यावर फोनमधून हळूच आवाज आला. "दिशा आहे का तिथं?"

मी गप्प. सुमय्याने मला कोपराने ढोसलं. मुसाभाईंनी मला थांबवल्यासारखा हात वर केला, आणि हसत फोनकडे बघत राहिले. सगळे थांबले. पलीकडेपण सगळं शांत झालं होतं.

"दिशा?"

"ओ," मी म्हटलं.

"पुढच्या सोमवारी येतोय. मेमूने. पेणला..." तो अडखळला. "म्हणजे, तेव्हा जिन्यावर विचारायचं होतं ते... तुझ्या शेजारी मला जागा ठेवशील? कायमची?"

"ठेवलेलीच आहे," मी म्हटलं.